ओसरीवरचे खेळ

दिवाळी अंकातल्या समीक्षेच्या पानांवर कादंबरी, कविता आणि फार झाले तर नाटक यांचीच चर्चा व्हावी, असा आपल्याकडचा जुना संकेत आहे. त्या पंगतीत आज मी असा एक पाहुणा आणून बसवतो आहे, की ज्याला पाहून काही वडीलधाऱ्यांच्या भुवया वर चढतील. हा पाहुणा म्हणजे ब्राउझरमध्ये खेळला जाणारा खेळ. क्रोम, फायरफॉक्स, सफारी अशा ज्या खिडकीतून आपण बातम्या वाचतो, रेल्वेचे तिकीट काढतो, मुलांचे निकाल पाहतो, त्याच खिडकीत एक पत्ता टाकला की उघडणारा खेळ. तो विकत आणावा लागत नाही, यंत्रात बसवून घ्यावा लागत नाही, आणि खेळून झाला की खिडकी मिटली, संपले.

‘असल्या पोरखेळाची कसली समीक्षा?’ असे कोणी विचारील. विचारणाराने एवढेच आठवावे की, कादंबरीबद्दलही एके काळी हाच प्रश्न विचारला जात असे. ज्या वस्तूला घाट आहे, लय आहे, आणि जी माणसाच्या मनात काही क्षण तरी नवी खळबळ उडवून देते, तिची समीक्षा होऊ शकते. माझे म्हणणे तर याच्याही पुढे जाते. या खेळांचे सामर्थ्य कशात आहे याविषयी त्यांच्या चाहत्यांचाच गैरसमज आहे. आणि त्या गैरसमजापायी एक चांगला कलाप्रकार वाया जाण्याची धास्ती आहे.

आपल्या जुन्या घरांची ओसरी आठवा. ती घराचीच असते. पण तिथे टेकायला वाटसरूला आत वर्दी द्यावी लागत नाही. पोरे तिथेच सागरगोटे खेळतात, म्हातारे तिथेच सोंगट्या मांडतात. ब्राउझरमधला खेळ हा ओसरीवरचा खेळ आहे. त्याचे सगळे सौंदर्य आणि सगळी दुखणी या एका गोष्टीतून निघतात.

तो बनतो तीन गोष्टींचा. पानावर काय काय मांडायचे ते एचटीएमएल सांगते. ते कसे दिसावे हे सीएसएस ठरवते. आणि त्याने कसे वागावे हे जावास्क्रिप्ट. नाटकाच्या भाषेत बोलायचे तर संहिता, नेपथ्य आणि अभिनय. ही जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक या गृहस्थांनी १९९५ च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत रचली, आणि ती घाई तिच्यात अजून जाणवते, असे जाणकार म्हणतात. पुढे पानावर चित्र रेखाटण्यासाठी ‘कॅन्व्हास’ नावाची पाटी आली, २०११ मध्ये त्रिमिती चित्रांची ‘वेबजीएल’ ही सोय आली, आणि हळूहळू ब्राउझर ही एक रंगभूमीच झाली. हिचे एक वैशिष्ट्य मात्र कोणत्याही रंगभूमीला नाही. प्रेक्षकाला वाटेल तेव्हा तो विंगेत डोकावू शकतो; पानाचा मूळ मजकूर उघडून पाहण्याची सोय ब्राउझरमध्येच असते. कितीतरी खेळकर्त्यांनी आपले पहिले धडे असे दुसऱ्याच्या विंगेत उभे राहूनच गिरवले आहेत.

आता प्रत्यक्ष एक खेळ घेऊ. मायकेल टाउनसेंड यांचा ‘अ डार्क रूम’ हा खेळ २०१३ साली आला. उघडल्यावर दिसते काय? पांढरे पान, खोली थंड आणि अंधारी आहे असे सांगणाऱ्या एकदोन ओळी, आणि शेकोटी पेटवण्याचे एक बटण. चित्र नाही, नायक नाही, कसे खेळायचे याची सूचनाही नाही. बटण दाबावे तर शेकोटी पेटते. पुन्हा दाबावे म्हटले तर बटण लगेच वळत नाही. थोडे थांबावे लागते. मग फाटक्या कपड्यांतली एक अनोळखी व्यक्ती दारातून आत येऊन कोपऱ्यात कोसळते. काही वेळाने ती सावरते आणि आपल्याला काही वस्तू बांधता येतात, असे सांगते. मग रान दिसते, लाकूड गोळा होते, सापळे होतात, झोपड्या होतात, झोपड्यांत माणसे येतात. आणि एक वेळ अशी येते की, बाहेरच्या जगाचा नकाशा अक्षरांनी आणि चिन्हांनी रेखलेला समोर उलगडतो, आणि ते जग कशाने उजाड झाले असेल हा प्रश्न मनात घर करतो.

कादंबरी लिहिणारा माणूस म्हणून मला या खेळाचा हेवा वाटतो तो त्याच्या संयमाचा. आम्ही लेखक पहिल्या प्रकरणात गाव, नदी, देऊळ, पारावरची माणसे असे सगळे ओतून मोकळे होतो. हा खेळ एकेक ओळ मोजून देतो. आणि ती ओळ वाचकाने आपल्या बोटाने मिळवलेली असते. बटण थोडा वेळ न वळणे, ही वरवर पाहता अडचण. पण त्या थांबण्यातूनच खेळाची लय तयार होते. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही जी तीन अंगे सांगितली, ती तिन्ही या बटणाच्या चालीत दाखवता येतील. पुढे झोपड्यांतल्या माणसांना आपण कामे वाटू लागतो. इतके लाकूडतोडे, इतके शिकारी, इतके चामडे कमावणारे. एखाद्या रात्री श्वापदे गावात शिरतात आणि काही माणसे मेल्याचे एका ओळीत कळते. त्या वेळी आपले लक्ष त्या मेलेल्यांकडे जात नाही, तर कमी झालेल्या आकड्याकडे जाते. हे आपल्या ध्यानात येते तेव्हा अंगावर जो काटा येतो, तो आणणे हे श्रेष्ठ कथेचे काम आहे. उपदेशाचा एक शब्दही न काढता हा खेळ खेळणाराला त्याच्या आतला मुकादम दाखवतो.

फ्रँक लँट्झ यांचा २०१७ चा ‘युनिव्हर्सल पेपरक्लिप्स’ हा याच घराण्यातला. कागदाला लावायच्या टाचण्या बनवण्याचे एक बटण, आणि त्या वाढत वाढत अखेर सबंध विश्वाच्याच टाचण्या होतात. कल्पना तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांची. पण ती निबंधात वाचणे वेगळे आणि रात्री एक वाजता आपल्याच हाताने विश्व संपवत बसणे वेगळे. मात्र ‘अ डार्क रूम’मधली माणुसकीची ऊब त्यात नाही. ती एक उत्तम चतुराई आहे, एवढेच मी म्हणेन.

घाटाच्या दृष्टीने सर्वांत धीट खेळ मला ॲना ॲन्थ्रोपी यांचा वाटतो. ‘क्वीअर्स इन लव्ह ॲट द एण्ड ऑफ द वर्ल्ड’ हे त्याचे नाव, साल तेच २०१३. जगाचा अंत दहा सेकंदांवर आला आहे आणि समोर प्रियतमा आहे. शब्दांवर बोट ठेवायचे. एक शब्द दुसऱ्या शब्दाकडे नेतो. हात धरायचा, की काही बोलायचे, की नुसते पाहायचे? ठरवेठरवेपर्यंत दहा सेकंद सरतात आणि सगळे पुसले जाते. पुन्हा खेळावे तर पुन्हा दहाच सेकंद. वाचायच्या राहिलेल्या ओळींची हुरहूर आणि बोलायच्या राहिलेल्या शब्दांची हुरहूर येथे एकच होऊन जाते. ज्या वाचकाला या प्रेमाचे स्वरूप परके वाटेल, त्यालाही ती घाई परकी वाटणार नाही. रेल्वेच्या फलाटावर कोणाला निरोप दिलेला नाही असा माणूस विरळा.

हा खेळ ‘ट्वाइन’ नावाच्या साधनाने रचलेला आहे. ख्रिस क्लायमस यांनी ते २००९ साली काढले आणि ते फुकट आहे. त्यात कथेचे तुकडे चौकोनात लिहायचे आणि दोऱ्यांनी जोडायचे. शेवटी हाती येते ती एक एचटीएमएल फाइल. पेनड्राइव्हवर घातली की झाले. आम्हा शिक्षकांना याचे मोल चटकन कळेल. शाळेच्या संगणकखोलीतली यंत्रे थकलेली असतात, त्यांत नवे काही बसवायची परवानगी नसते, इंटरनेट आले तर आले. पण ब्राउझर प्रत्येक यंत्रात असतो.

इंटरनेट नसण्यावरून आठवले. क्रोममध्ये जोडणी तुटली की पडद्यावर एक इवलासा डायनॉसोर येतो, आणि पट्टी दाबली की निवडुंगांवरून उड्या मारत धावू लागतो. २०१४ सालचा हा खेळ. इंटरनेट नाही म्हणजे आपण अश्मयुगाच्याही मागे गेलो, असा त्यातला विनोद. २०१८ मध्ये गूगलने सांगितले की, महिन्याकाठी याचे सत्तावीस कोटी डाव होतात. मुले वर्गातच तो खेळत बसू लागली, तेव्हा शाळांना तो बंद करता यावा अशी सोयही गूगलला करावी लागली. माझी सहानुभूती अर्थातच त्या शाळांकडे आहे; पण पूर्णपणे नाही.

आता त्या गैरसमजाकडे वळतो. या खेळांचे अनेक भक्त असे मानतात की, ब्राउझरच्या खेळाने मोठ्या, महागड्या खेळांची बरोबरी केली की त्याचे सोने झाले. २०१३ सालीच मोझिला आणि एपिक या संस्थांनी ‘अनरियल’ हे प्रचंड खेळयंत्र ब्राउझरमध्ये चालवून दाखवले. ‘एपिक सिटाडेल’ नावाचे तटबंदीचे नगर त्यात उभे केले होते. दगडांवरची छाया, झळाळणारे ऊन, सगळे खरेखुरे. पुढे ‘वेबअसेम्ब्ली’ आली, २०२३ पासून क्रोममध्ये ‘वेबजीपीयू’ आले, आणि असली नगरे उभारणे आणखी सोपे झाले. त्या इंजिनिअरांना माझा नमस्कार. पण त्या नगरात हिंडायचे, याखेरीज करायचे काहीच नव्हते! ओसरीवर झुंबर टांगले म्हणून तिचा दिवाणखाना होत नाही. उलट, झुंबर चोरीला जाईल म्हणून ओसरीला जाळी मात्र बसते. खेळ जड झाला की उघडायला वेळ लागतो, वेळ लागला की माणूस निघून जातो, त्याला धरून ठेवण्यासाठी नाव नोंदवा म्हणतात, आणि खर्च निघावा म्हणून जाहिराती येतात. मग खेळ कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे आठ वर्षांच्या मुलाला कसे कळावे?

याच्या अगदी उलट टोकाला एक स्पर्धा आहे. २०१२ पासून दर वर्षी १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर या महिनाभरात ती भरते. अट एकच महत्त्वाची: सबंध खेळ दाबून, गुंडाळून तेरा किलोबाइटांत, म्हणजे १३,३१२ बाइटांत बसला पाहिजे. आपल्या देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साधारण साठवणीत तीन बाइट खाते. त्यामुळे हा लेख न दाबता ठेवला तर तेवढ्या जागेत त्याचे अर्धेसुद्धा अंग मावणार नाही. आणि तेवढ्यात ही मंडळी आकाशगंगा, समुद्र, भुयारे आणि संगीतसुद्धा बसवतात. वृत्ताच्या बंधनाने कवितेचे वाटोळे झाले नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

ओसरीच्या दुखण्यांपैकी पहिले म्हणजे, तिथली वस्तू रात्रीतून नाहीशी होते. ज्यांचे बालपण दोन हजार सालाच्या आगेमागे गेले, त्यांना ‘फ्लॅश’ हे नाव आठवत असेल. त्या साधनावर हजारो खेळ उभे होते. कोणी विद्यार्थ्याने सुट्टीत केलेले, कोणी रागाने केलेले, कोणी नुसत्या गमतीने. पण फ्लॅश ब्राउझरचे स्वतःचे अंग नव्हते, ते एका कंपनीचे ठिगळ होते. त्यातून सुरक्षेला भोके पडत. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झ यांनी एप्रिल २०१० मध्ये त्याच्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. ॲडोबी या मालक कंपनीने २०१७ मध्ये निवृत्तीची घोषणा केली, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ते बंद झाले. एका दिवसात एका पिढीचे बालवाङ्मय मुके झाले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. काही स्वयंसेवकांनी ‘फ्लॅशपॉइंट’ नावाचा संग्रह करून लाखाहून अधिक खेळ वाचवले, ‘रफल’ नावाच्या साधनाने त्यांतले पुष्कळ आज पुन्हा चालतात. पण वाचवायला कोणी धावले नाही ते गेले. मुंबईत १९३१ साली निघालेल्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. नवे माध्यम आपली पहिली बाळे अशीच हरवते की काय, कोण जाणे. आजचे खेळ ब्राउझरच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेले असल्याने त्यांचे आयुष्य अधिक, हे खरे. पण पत्ता विकला गेला किंवा भाडे थकले, तर पानही जाते.

दुसरे दुखणे मालकीचे. मार्च २०१४ मध्ये गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन तरुणाने एका शनिवार-रविवारात ‘२०४८’ हा खेळ केला. आकड्यांच्या फरशा सरकवायच्या. सारख्या दोन भेटल्या की त्यांची एक होऊन आकडा दुप्पट. जग वेडे झाले. पण त्याआधी महिनाभरच ‘थ्रीज’ नावाचा फोनवरचा खेळ पैसे देऊन मिळू लागला होता. तो ॲशर व्होल्मर आणि ग्रेग वोल्वेंड यांनी चौदा महिने खपून घडवला होता. ‘२०४८’ त्याच्या नकलेची नक्कल. चिरुल्लीने काही लपवले नाही, आपला मजकूरही सर्वांना खुला करून दिला. तरी त्या दोघांनी चौदा महिन्यांचा आपला पत्रव्यवहार प्रसिद्ध करून, हा साधेपणा आम्हाला केवढ्याला पडला ते जगाला दाखवले. जात्यावरच्या ओव्या कोणाच्याच नसतात, म्हणून त्या पसरल्या. पण ओवी रचणारीला भाडे भरायचे नव्हते, असे कोणी म्हणेल, आणि त्याला उत्तर देणे सोपे नाही. कलाकृती म्हणून मला ‘थ्रीज’ सरस वाटतो. त्यात प्रत्येक चाल पुढची वाट अडवते. ‘२०४८’मध्ये कोपरा धरून बसले की बराच वेळ निभते. तरीही लोकांनी ओसरीवरचाच उचलला.

‘वर्डल’ची कथा तर ताजीच आहे. जॉश वॉर्डल यांनी आपल्या जोडीदारणीसाठी रचलेले हे पाच अक्षरी इंग्रजी शब्दाचे कोडे ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांना खुले झाले. १ नोव्हेंबरला ते खेळणारे नव्वद जण होते. २ जानेवारीला तीन लाख. जाहिरात नाही, नावनोंदणी नाही, दिवसाला एकच कोडे आणि ते सगळ्या जगाला सारखे. उपासासारखे हे बंधन होते, म्हणून त्याची गोडी. पुढची कितीतरी कोडी पानाच्या मजकुरातच होती. पान जतन केले की वर्षानुवर्षांची बेगमी. ३१ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने ते विकत घेतले, आणि मार्च २०२४ मध्ये त्याच्या नकला करणारांवर कायद्याच्या नोटिसा निघाल्या. गंमत अशी की, शब्द ओळखून किती अक्षरे जुळली ते सांगण्याचा खेळ ‘जॉटो’ या नावाने १९५५ पासून कागदावर खेळला जात होता! ओसरी कोणाची, हा प्रश्न तिच्यावर गर्दी जमली की मगच निघतो.

याच कोड्यावरून मराठीचा विचार मनात येतो. असा खेळ मराठीत करायचा तर पहिलाच प्रश्न: अक्षर म्हणजे काय? ‘स्त्री’ हे आपल्या कानाला एक अक्षर. यंत्राच्या हिशेबात ती सहा चिन्हे: तीन व्यंजने, दोन हलन्त खुणा आणि एक वेलांटी. हे जोडाक्षर अधेमध्ये तोडू नये, असा नियम युनिकोडमध्ये आला तोच २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत. म्हणजे यंत्राला आमची बाराखडी आता कुठे उमजू लागली आहे. पण त्यानेही भागत नाही. उत्तर ‘पाटी’ आहे आणि मुलाने ‘पाणी’ लिहिले. ‘पा’ बरोबर. ‘णी’ चूक, पण वेलांटी तर बरोबर! त्याला कोणता रंग द्यायचा? इंग्रजी खेळाची नुसती नक्कल करणारा येथे हात टेकील. आपल्याकडे मात्र या प्रश्नाचा विचार कित्येक शतके झालेला आहे. अभंग अक्षरे मोजतो. आर्या मात्रा मोजते. दोन्ही मोजण्या खऱ्या, आणि दोन्हींची गोडी निराळी. अक्षरांचा खेळ लहान मुलांना सोपा पडेल. मात्रांचा खेळ मोठ्यांनाही घाम फोडील. हा निर्णय इंजिनिअराचा नाही, छंद जाणणाराचा आहे. आणि तो घेण्यासाठी त्याला कोणाच्या कंपनीत जावे लागत नाही. एक पान, थोडी जावास्क्रिप्ट आणि मराठी शब्दांची निवडक यादी एवढे भांडवल पुरे. एखादा मराठीचा शिक्षक आणि नववीतली दोन चौकस मुले हे काम दिवाळीच्या सुट्टीत करू शकतील.

रंगाचे मला विचाराल तर चौकोनाचा रंग व्यंजनाला द्यावा, आणि काना, मात्रा, वेलांटी बरोबर असेल तर अक्षराची शिरोरेषा हिरवी करावी. ‘पाणी’च्या ‘णी’चा चौकोन राखाडी, पण डोक्यावरची रेघ हिरवी. काना-मात्रा नसलेल्या अक्षराचा ‘अ’ कसा दाखवायचा, एवढा प्रश्न मग उरतो.